मदत हवी आहे: आरएने खराब झालेला घोटा – फ्युजन (सांधा कायमचा जोडून टाकणं) करावं की सांधा बदलावा?

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको करत होते. आता निर्णय पुढच्या महिन्यात द्यायचाय, म्हणून लिहिते.

मी ५३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. राहायला चिपळूणच्या बाजूला एका गावात. रुमॅटॉइड आर्थरायटिस (आरए, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात) होऊन १८ वर्षं झाली. डावा गुडघा २०१९ मध्ये बदललाय, तो छान आहे. आता प्रश्न उजव्या घोट्याचा. एक्स-रेमध्ये नडगीचं हाड आणि त्याखालचं टॅलस यांच्यामध्ये जी मोकळी रेघ दिसायला हवी, ती माझ्या घोट्यात उरलेलीच नाही. हाडावर हाड घासतंय. टाच बाहेरच्या बाजूला कललीय, तळपायाची कमान पूर्ण बसलीय आणि चप्पल आतल्या बाजूने दोन महिन्यांत झिजते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं मी भिंत धरून टाकते. वर्गात उभं राहून शिकवणं गेल्या दिवाळीपासून बंद झालंय, आणि ते मला फार लागलंय.

बाकी सगळं करून झालं. स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं घोट्यात घेतली. पहिल्याने चार महिने आराम, दुसऱ्याने जेमतेम तीन आठवडे. पोटरीपासून तळव्यापर्यंतचा प्लास्टिकचा ब्रेस करून घेतला. तो बुटात घालून चालताना खरंच बरं वाटतं, पण आपण घरात अनवाणी असतो, आणि निम्मं चालणं घरातच होतं.

दोन सर्जनना दाखवलं. दोघेही फक्त पाय आणि घोट्याचंच काम करतात. दोघांनी तेच एक्स-रे पाहिले. पुण्यातले म्हणाले, फ्युजन करा. मुंबईतले म्हणाले, सांधा बदला.

पुण्यातल्यांचं म्हणणं असं: उरलेली कूर्चा खरवडून काढायची, दोन्ही हाडं काटकोनात स्क्रूने घट्ट आवळायची, की ती एकमेकांत जुळून एकच हाड होतं. सांधाच नाही तर दुखणार काय? एकदा जुळलं की झिजण्यासारखं, सैल होण्यासारखं काही राहत नाही. माझी कातडी इतक्या वर्षांच्या प्रेडनिसोलोनने (स्टेरॉइडच्या गोळीने) पातळ झालीय, हाडं ठिसूळ आहेत, टाच कललेली आहे. अशा पायात कृत्रिम सांधा बसवायला ते तयार नाहीत.

मुंबईतले म्हणाले, तुमचा आजार एका सांध्याचा नाही. घोटा जोडला की त्याची हालचाल खालचे आणि पुढचे छोटे सांधे करायला लागतात आणि काही वर्षांत तेही झिजतात. ज्याला आरए आहे त्याचे ते सांधे आधीच अर्धे गेलेले असतात. शिवाय डावा घोटाही सुरुवातीच्या टप्प्यात आहे. उद्या तोही जोडायची वेळ आली तर दोन्ही घोटे ताठ घेऊन चालणार कशा? आणि बदललेला सांधा निकामी झालाच, तर नंतर फ्युजनचा रस्ता उघडा असतो. उलट्या दिशेने येणं फार अवघड.

दोघांचंही पटतं. अडचण तीच आहे.

माझं घर रस्त्यापासून खाली आहे. जांभ्याची ४२ पायऱ्यांची पाखाडी उतरून यावं लागतं, पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत आणि पावसाळ्यात शेवाळं धरतं. चढताना मी कशीबशी येते; उतरताना घोटा पुढे वाकावा लागतो आणि तिथेच जीव जातो. घोटा ताठ झाल्यावर अशी पाखाडी कोणी उतरतं का, हे मला कुठल्याच सर्जनकडून कळलं नाही.

दुसरं म्हणजे माझे हात. दोघंही म्हणाले, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, वॉकर घ्या. माझी उजव्या हाताची बोटं करंगळीकडे वळलीत, मनगटात जोर नाही, पाण्याची भरलेली कळशी उचलून कैक वर्षं झाली. एका पायावर उभं राहून सगळा भार मनगटांवर घेणं मला दोन मिनिटंही जमणार नाही. दोन्ही ठिकाणी हे मीच विचारलं. आधी कुणी माझे हात पाहिलेसुद्धा नव्हते.

आरएची औषधं, म्हणजे प्रतिकारशक्ती आवरणारी: मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिलिग्रॅम, प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम, अडालिमुमॅबचं इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी. गुडघ्याच्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट जवळजवळ दोन महिने बंद ठेवलं होतं. जखम भरली, पण आजार असा उसळला की व्यायामासाठी पलंगाची कड धरता येईना. तो अनुभव पुन्हा नकोय.

खर्चाचंही थोडं आहे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातली, त्याचा मला फायदा झाला. ती मर्यादा गुडघ्यापुरती होती. घोट्याच्या सांध्याचा आकडा मला फ्युजनच्या दुपटीहून जास्त सांगितलाय. पण पैशासाठी चुकीची शस्त्रक्रिया निवडायची नाही, असं आम्ही घरात ठरवलंय.

ज्यांनी यातलं काही स्वतः केलंय किंवा घरात पाहिलंय, विशेषतः आरए असताना, त्यांनी कृपया लिहा. सर्जनचं नाव नको. नंतरचं रोजचं जगणं कसं आहे ते सांगा.

प्रतिसाद १

ताई, माझा डावा घोटा आठ वर्षांपूर्वी जोडला. मलाही आरएच आहे. मी सांगली भागातली, घरी शेती.

आधी चांगलं सांगते. ते दुखणं गेलं. घोट्यातलं, हाडावर हाड घासण्याचं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं प्लास्टर निघालं तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. सपाट जमिनीवर मी चालताना बघणाऱ्याला कळतही नाही, कारण पावलाच्या मधले सांधे थोडे वाकतात.

उतरणीचं तुम्ही बरोबर ओळखलंत. मी पायऱ्या उतरताना दर पायरीला आधी जोडलेला पाय खाली ठेवते, मग दुसरा त्याच पायरीवर आणते. कठडा लागतोच. ढेकळांतून, बांधावरून चालणं मी सोडलं. उकिडवं बसता येत नाही, त्यामुळे संडास कमोडचा करून घ्यावा लागला. मांडी घालता येते, कारण ती गुडघ्याची आणि खुब्याची गोष्ट.

अनवाणी चालण्याबद्दल: तळ गोलसर असलेला, पुढे गडगडणारा बूट मिळतो, त्याने ताठ घोट्याचं चालणं फार सोपं होतं. पण तो बूट उंबऱ्याबाहेर काढून ठेवला तर उपयोग काय? मी तसाच तळ घरात घालायच्या चपलेला लावून घेतला. आमच्या गावच्या चर्मकारदादांनी नमुना बघून अगदी नेमका केला. देवघर सोडून मी ती कुठेच काढत नाही.

आणि जे तुमच्या मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्याबाबतीत खरं झालं. सहाव्या वर्षी घोट्याच्या खालचा, टाचेजवळचा सांधा दुखायला लागला. अजून सोसवतो. पण तुमच्या त्या सांध्याचं सीटी स्कॅन झालंय का, हे आधी विचारा. तो गेलेला असेल तर सगळंच गणित बदलतं.

एक विचारते, राग मानू नका. मशेरी लावता का? मी लावायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तंबाखू कोणत्याही रूपात चालू असेल तर हाड जुळण्याचा भरवसा नाही, आधी सोडा मगच तारीख देतो. सोडायला मला तीन महिने लागले.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सध्या इंग्लंडमध्ये. मूळ रत्नागिरीचा, त्यामुळे तुमची पाखाडी डोळ्यांपुढे आली.

इथे या दोन शस्त्रक्रियांची थेट तुलना करणारा मोठा अभ्यास झाला, टार्वा नावाचा. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. १७ रुग्णालयं, ५० ते ८५ वयाचे ३०३ रुग्ण, कोणाला काय करायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. वर्षभराने चालण्या-उभं राहण्यात दोन्ही गटांना भरपूर फायदा झाला आणि दोन्हींमधला फरक ठामपणे सांगण्याइतका निघाला नाही. सांधा बदललेल्यांत जखम भरण्याच्या आणि नसांना (मज्जातंतूंना) इजा होण्याच्या तक्रारी जास्त होत्या. फ्युजनवाल्यांत साधारण १२ टक्के लोकांची हाडं नीट जुळली नाहीत, मात्र त्या सगळ्यांना त्याचा त्रास झाला असं नाही. पण ताई, हा अभ्यास वयाने, वापराने झिजलेल्या घोट्यांचा होता. तुमच्या आजाराला तो जसाच्या तसा लावू नका. आणि एक वर्ष हा घोट्याच्या आयुष्यात फार लहान काळ आहे.

टिकण्याबद्दल म्हणाल तर, स्वीडनमध्ये बसवलेल्या प्रत्येक घोट्याची नोंद ठेवतात. २०११ मध्ये आलेल्या तिथल्या अहवालात १० वर्षांनी सुमारे ७० टक्के सांधे जागेवर होते. त्यात जुन्या बनावटीचे सांधेही आहेत. गुडघ्याइतका भरवसा मात्र धरू नका.

आता हातांबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या पोस्टमधली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. साध्या वॉकरवर तुम्ही जाऊच नका. कोपरापासून पुढचा हात ज्यावर आडवा टेकवता येतो असे पन्हळीसारखे आधार असलेला वॉकर किंवा कुबड्या मिळतात. भार मनगटावर न येता हाताच्या लांबीवर येतो. मूठही तिरकी, जाड करून घेता येते. हे ऑपरेशननंतर शोधायचं नसतं. आधी तीन-चार आठवडे घरात रोज सराव करा, पलंगापासून संडासापर्यंत, एक पाय उचलून. खांदे कुरकुरले तर ते तेव्हाच कळेल. डावा गुडघा बदललेला असल्याने त्यावर सहा आठवडे एकट्याने भार येणार, त्याचेही स्नायू आधीच तयार करा. चाकाची खुर्ची घरात आणून ठेवण्यात काही कमीपणा नाही.

औषधांसाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका आहे. ती खुबा-गुडघ्यासाठी लिहिलेली आहे, पण तुमच्या डॉक्टरांना विचार करायला उपयोगी पडेल. त्यात मेथोट्रेक्सेट चालूच ठेवायला सांगितलंय. अडालिमुमॅबचा एक डोस चुकवून पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, आणि टाके निघून जखम कोरडी झाल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, पुन्हा सुरू. प्रेडनिसोलोन स्वतःहून अजिबात थांबवू नका. सर्जन आणि संधिवाततज्ज्ञ यांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. दोघांच्या मधला निरोप्या तुम्ही होऊ नका.

आणखी एक, हे विसरू नका. इतक्या वर्षांच्या आरएमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. भूल देण्याआधी मान पुढे-मागे वाकवून काढलेला एक्स-रे मागून घ्या. मानेत दुखत नसलं तरी.

प्रतिसाद ३

माझ्या वडिलांचा घोटा २०१६ मध्ये बदलला. त्यांनाही आरए, तेव्हा वय ६४. जखमेचा वरचा कोपरा भरायला सव्वादोन महिने लागले, तो काळ आम्हा सगळ्यांना फार जड गेला. आज ते रोज सकाळी बाजारात जातात, जिना सरळ उतरतात. पण घोटा आधी जेवढा वाकत होता त्याहून थोडाच जास्त वाकतो. उकिडवं बसणं यातही नाही. दरवर्षी एक्स-रे काढतो. गेल्या वर्षी सांध्याच्या वर हाडात एक पोकळी दिसली, तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. त्यामुळे एकदा केलं आणि सुटलो असं होत नाही, हे मनात धरूनच निवडा.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री ह्यांना सगळं वाचून दाखवलं.

मशेरी नाही लावत. राग कसला, हे कोणीतरी विचारायलाच हवं होतं.

काल सीटी झालं. टाचेजवळचा सांधाही बराच गेलाय, पण पुढचे सांधे ठीक आहेत. पुण्यातले म्हणाले, मग दोन्ही एकदम जोडू, टाचेतून वर नडगीत एक सळई घालून. मुंबईतले म्हणाले, टाचेचा सांधा जोडून टाच सरळ करू आणि घोटा बदलू, म्हणजे ताठपणा एकाच ठिकाणी राहील. पण कातडीबद्दलची काळजी त्यांनाही आहे, आणि मानेचा एक्स-रे पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही म्हणाले. तो उद्या आहे.

माझं मन घोटा बदलण्याकडे झुकतंय. डाव्या पायाचा विचार केला की दोन्ही बाजूंनी ताठ होऊन ती पाखाडी मला दिसत नाही. पण सांगलीच्या ताईंचं ‘आजही नाही’ हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. न दुखणारा पाय कसा असतो हे मी विसरलेय.

कोपराच्या आधाराचा वॉकर मागवलाय. पाखाडीला लोखंडी कठडा बसवायला गवंड्याला बोलावलंय, दोन्ही बाजूंनी, कारण कुठला हात कधी साथ देईल सांगता येत नाही. कठड्याचा पाइप किती जाड घेऊ? माझी मूठ पूर्ण मिटत नाही. फिजिओदादा, हे तेवढं सांगाल का? शनिवारी तो माप घ्यायला येणार आहे.