लँडिसने बचाव केला ते ठीक, पण लेमाँडशी जे झालं त्याचं काय?

सिंहगड_पायथा:
आपल्या रविवारच्या खडकवासला ग्रुपमधे अमेरिकन सायकलपटू फ्लॉइड लँडिसचं नाव निघालं की निम्मे जण म्हणतात तेव्हा सगळेच बंदी असलेली औषधं घेत होते, त्यालाच कशाला धरायचं. २००६ ची टूर द फ्रान्स सायकल शर्यत, सोळाव्या स्टेजला (टप्प्याला) पार ढेपाळला, दुसऱ्याच दिवशी मोर्झिनला एकटा सुटून जवळजवळ सहा मिनिटांनी जिंकला आणि मग टेस्टोस्टेरॉन या ताकद वाढवणाऱ्या हार्मोनच्या चाचणीत पॉझिटिव्ह. डोपिंगचं सोडा, त्याची बंदी त्याने भोगली. मला चीड आहे ती नंतरच्या वागण्याची. पूर्वी टूर जिंकलेल्या ग्रेग लेमाँडवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते, ते त्याने लँडिसला विश्वासाने सांगितलं, का तर खोटं दाबून ठेवलं की माणूस आतून पोखरला जातो, तू खरं बोलून मोकळा हो. आणि मे २००७ मधे लँडिसच्या डोपिंगच्या सुनावणीत लेमाँडच्या साक्षीच्या आदल्या रात्री लँडिसच्या मॅनेजरने फोन करून त्याच गोष्टीवरून त्याला धमकावलं! याला बचाव म्हणायचं?

बोरघाट_७२:
दादा, फोन घाणेरडाच होता, पण त्या मॅनेजरला लगेच काढलं की. आणि लढायचा हक्क काढून घेऊ नका. पहिली चाचणी नियमाप्रमाणे झाली नव्हती असं सुनावणीच्या पंचांनीच म्हटलं, ती बाजूला ठेवून कार्बन आयसोटोप चाचणीवर (टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलंय का ते दाखवणारी) निकाल दिला, तोही २-१, म्हणजे एका पंचाला पटलंच नाही. उद्या आपल्याकडचं एखादं गावाकडचं पोर खोकल्याच्या औषधामुळे नाडाच्या (भारताच्या डोपिंगविरोधी संस्थेच्या) टेस्टमधे अडकलं तर ते कशावर लढणार? लॅबच्या असल्या चुकांवरच ना.

सिंहगड_पायथा:
लगेच कुठे काढलं? फोनचं लँडिसला त्याच रात्री माहीत होतं, काढलं दुसऱ्या दिवशी, लेमाँडने भर सुनावणीत सगळं सांगितल्यावर. लॅबला हजार प्रश्न विचारा, मी तुमच्याबरोबर आहे. साक्षीदाराची जखम उकरायची नाही, एवढंच म्हणतोय.

कर्वेनगर_सायकल:
मला तर पैशाचं जास्त लागतं. लँडिसने बचावाच्या खर्चासाठी 'फ्लॉइड फेअरनेस फंड' काढून सतराशेवर लोकांकडून पैसे घेतले, साध्या सायकलवाल्यांनी दिले, आपला माणूस निर्दोष आहे म्हणून. २०१० मधे स्वतःच कबूल केलं की घेत होतो, मग २०१२ मधे सरकारी खटला टाळायला ४,७८,३५४ डॉलर परत करायचं मान्य केलं. ज्याच्यावर खरंच अन्याय झालाय त्याने आता मदत मागितली तर कोण विश्वास ठेवणार सांगा, त्या खऱ्या माणसाचं नुकसान कोण भरून देणार?

बोरघाट_७२:
मॅडम, पैशाचं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याच २०१० च्या कबुलीने सात टूर जिंकलेल्या लान्स आर्मस्ट्राँगपर्यंतचा रस्ता उघडला, २०१२ ला त्याचे सातही किताब काढून घेतले. आर्मस्ट्राँगने तर खरं बोलणाऱ्या मसाजवाल्या एमा ओरायलीला आणि संडे टाइम्सला कोर्टात खेचलं होतं, पेपरला तडजोडीत पैसे मोजावे लागले. शेवटी तोंड उघडलं कोणी? लँडिसनेच. ते तुम्ही हिशोबात धरतच नाही.

सिंहगड_पायथा:
धरतो, पण २००८ ला वरच्या क्रीडा लवादात हरला, तरी आणखी दोन वर्षं गप्प होता. आणि त्या काळात खोटा कोण ठरला, तर लेमाँड, जो पहिल्यापासून खरं बोलत होता. म्हणून मला वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, २०२१ च्या नियमावलीतलं २.११ कलम फार महत्त्वाचं वाटतं, डोपिंगची माहिती देणाऱ्याला धमकावलं किंवा त्याचा सूड घेतला तर दोन वर्षांपासून थेट आजन्म बंदी, पॉझिटिव्ह टेस्ट असो नसो. हे २००७ ला हवं होतं.

बोरघाट_७२:
कलम चांगलंय, माझा विरोध नाही. पण फोन मॅनेजरने केला, खेळाडू म्हणतो मी सांगितलं नव्हतं, मग आजन्म बंदी नक्की कोणाला लावणार? नुसतं माहीत असून गप्प बसला म्हणून करिअर संपवायचं?

कर्वेनगर_सायकल:
साक्षीच्या आदल्या रात्री माहीत असून गप्प बसला असेल तर हो, त्यालाही.