‘टँट्रम’ला मराठीत काय लिहावं?

कृष्णाकाठ, सांगली: अंगणवाडीतल्या मुलांच्या पालकांसाठी आमच्याकडे बैठका सुरू होतायत. त्यांनी मुलांचं मनःस्वास्थ्य खरंच सुधारतं का, हे पाहायला आयांना आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारायचेत. इंग्रजी प्रश्न मराठीत आणायचं काम माझ्याकडे आहे. ‘टँट्रम’ला, म्हणजे लहान मुलाच्या रागाच्या झटक्याला, ‘हट्ट’ लिहिलं, तर मिरजेच्या एक आजी म्हणाल्या, “हट्ट न करणारं पोर आजारी असतंय.” आता?

माणदेशी: हट्ट नकोच. बालहट्ट, राजहट्ट, स्त्रीहट्ट! आपण हट्ट ‘पुरवतो’, त्यात लाड आहे. आमच्या दहिवडीकडं ‘भोकाड पसरलं’ म्हणत्यात.

वाईकर: भोकाड म्हणजे नुसतं रडणं. लाथा झाडणं, जमिनीवर लोळणं त्यात कुठे आलं? ‘आकांडतांडव’ घ्या.

कृष्णाकाठ: वाईकरकाका, आकांडतांडव मोठी माणसं करतात. तीन वर्षांच्या लेकराला कुठली आई असं म्हणेल?

शब्दवेडा: संस्कृतात ‘हट्ट’ म्हणजे बाजार. पोरं बाजारातच अडून बसतात, म्हणून हा शब्द आला असणार.

वाईकर: अजिबात नाही. त्या हट्टाचा ‘हाट’ झाला. आपला हट्ट ‘हठ’वरून, हठयोगातल्या.

अंगणवाडीताई, जत: आमच्याकडच्या कानडी घरांतही ‘हट’च म्हणतात. पण मला काळजी दुसरीच आहे. प्रश्न आम्ही तोंडी विचारणार. आधी मी ‘हट्ट’ म्हणाले आणि नंतर दुसरीनं ‘थयथयाट’ म्हटलं, तर मूल तसंच राहून आकडा खाली येईल. मग बैठकांचा गुण कसा म्हणायचा?

मनोविद्या: ताई, अगदी बरोबर. नाव देऊच नका, वागणं लिहा: ‘गेल्या आठवड्यात किती वेळा लोळून, लाथा झाडून रडलं?’ तेवढ्यानंही भागणार नाही. चौथ्या वर्षाकडे जाताना बरीच मुलं आपसूक निवळतात. म्हणून चिठ्ठ्या टाकून काही पालकांच्या बैठका उशिरा ठेवा आणि दोन्ही गट एकाच वेळी तपासा. शिवाय बैठकीला गेलेल्या आईची नजरही बदलते. पूर्वी जे रडणं तिला असह्य व्हायचं, ते आता चालतं. तेही मोलाचं आहे, पण तो मुलातला बदल नव्हे. म्हणून कोण बैठकीला गेलं हे माहीत नसलेल्या कुणीतरी मुलांना पाहायला हवं. आरोग्यावरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१६च्या आढाव्यात अगदी लहान मुलांच्या पालकगटांचे २४ अभ्यास होते. निष्कर्ष जपून काढलेला: थोड्या काळापुरता फायदा दिसतो, तो टिकतो का, यासाठी आणखी अभ्यास हवेत.

माणदेशी: सगळं पटलं, पण ‘लोळून, लाथा झाडून’ हे पोलिसांच्या पंचनाम्यासारखं वाटतंय. शब्द असताना वर्णन कशाला?

वाईकर: आणि ‘मनःस्वास्थ्य’ कोणत्या आईला कळणार? ‘मानसिक’ म्हटलं की तिला वेड ऐकू येतं.

शब्दवेडा: ‘वांड’ कुणीच कसा सुचवला नाही? माझ्या मते तो ‘बंड’वरून आला.

वाईकर: पुरावा द्या.

माणदेशी: वांड पोरगं भोकाड पसरत नाही, ते दुसऱ्याला रडवतं. वेगळी जात आहे ती.