सोलारिस १० : मिरर केलेल्या सिस्टिम डिस्कचा बॅकअप कसा घ्यावा?

प्रश्न (नवा प्रशासक)

आमच्या कार्यालयात सोलारिस १० या युनिक्स कार्यप्रणालीवर चालणारा, स्पार्क प्रोसेसरचा एक जुना सर्व्हर आहे. त्याची रूट (मुख्य, म्हणजे सिस्टिम असलेली) फाइलसिस्टिम यूएफएस या प्रकारची असून ती सोलारिस व्हॉल्यूम मॅनेजरने दोन डिस्कवर मिरर केलेली आहे, म्हणजे तीच माहिती दोन्हीकडे लिहिली जाते: डी० हा मिरर आणि डी१० व डी२० हे त्याचे सबमिरर, म्हणजे एकेका डिस्कवरील प्रती. सर्व्हर बंद न करता तिचा पूर्ण बॅकअप टेपवर घ्यायचा आहे. डी२० ‘मेटाडिटॅच’ने सोडवावा, त्याचा ‘यूएफएसडम्प’ (यूएफएसचा बॅकअप घेणारी आज्ञा) घ्यावा आणि मग तो पुन्हा जोडावा, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले आहे. हे योग्य आहे का? दोन डिस्कवर तीच माहिती असताना टेप कशाला, असेही वरिष्ठ विचारतात.

उत्तर (टेपवाले)

वरिष्ठांना एवढेच सांगावे की मिरर डिस्क बिघडली तर उपयोगी पडतो, माणूस चुकला तर नाही. चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून जाते.

सहकाऱ्यांची पद्धत चालते, परंतु नेहमीच्या बॅकअपसाठी मी ती सुचवणार नाही. इतर फाइलसिस्टिम ‘लॉकएफएस’ने लिहिण्यासाठी तात्पुरत्या बंद करता येतात, रूटच्या बाबतीत मात्र ती सोय नसल्यामुळे सबमिरर सुटतो तेव्हा त्यावर लिहिणे चालूच असते आणि डम्प घेण्याआधी सुटलेल्या डी२० वर ‘एफएससीके’ (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवावा लागतो. खरी अडचण त्यानंतरची आहे. ‘मेटाटॅच’ने डी२० पुन्हा जोडल्यावर डी१० वरील सर्व माहिती डी२० वर नव्याने उतरते आणि ते पूर्ण होईपर्यंत तुमच्याकडे एकच भरवशाची प्रत असते. त्याच वेळी डी१० वर वाचता न येणारा एखादा सेक्टर निघाला, तर जी दुसरी प्रत कामी आली असती तिच्यावर आपण स्वतःच लिहायला सुरुवात केलेली असते.

उत्तर (रात्रपाळी)

मिररला हात लावण्याची गरजच नाही. ‘एफएसस्नॅप’ ही आज्ञा रूटवरील लिहिणे क्षणभर थांबवून त्या क्षणाचा स्नॅपशॉट (न बदलणारे चित्र) तयार करते, आणि पुढे जो ब्लॉक बदलणार असेल त्याचा जुना मजकूर एका वेगळ्या फाइलीत ठेवते. ही फाइल ज्या फाइलसिस्टिमचा स्नॅपशॉट घ्यायचा तिच्यावर असू शकत नाही, तेव्हा दुसरीकडे पुरेशी जागा ठेवा. जागा संपली तर स्नॅपशॉट आपोआप नाहीसा होतो आणि बॅकअप अर्धवट राहतो. डम्प स्नॅपशॉटच्या रॉ डिव्हाइसवरून (माउंट न करता थेट वाचता येणाऱ्या डिव्हाइसवरून) घ्यावा, नंतर ‘एफएसस्नॅप -डी’ने स्नॅपशॉट काढावा आणि ती फाइलही पुसावी.

रूटचा स्नॅपशॉट घेताना फाइलसिस्टिम लॉक करता आली नाही असा संदेश आला, तर पहिला संशय ‘एक्सएनटीपीडी’वर घ्यावा. घड्याळ जुळवणारी ही सेवा रिअल-टाइम प्राधान्याने चालते आणि लॉकच्या आड येते. स्नॅपशॉटपुरती ती बंद ठेवून लगेच सुरू करावी.

नवा प्रशासक

आभारी आहे. ‘मेटाऑफलाइन’ वापरले तर? आणि टेपवरून पुन्हा उभारताना काय लागेल?

उत्तर (टेपवाले)

‘मेटाऑफलाइन’मध्ये सबमिररचा मिररशी संबंध तुटत नाही आणि बदललेल्या भागांची नोंद राहते, त्यामुळे ‘मेटाऑनलाइन’ केल्यावर तेवढेच भाग उतरतात. डिटॅचपेक्षा हे निश्चितच बरे. तरीही तेवढा वेळ एकाच डिस्कवर काढावा लागतो, म्हणून माझे मत एफएसस्नॅपलाच.

पुनर्स्थापनेची तयारी मात्र आजच करावी. डिस्कचे विभाजन आणि मेटाडीबीच्या (व्हॉल्यूम मॅनेजरच्या रचनेची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसच्या) प्रती यूएफएसडम्पमध्ये येत नाहीत. त्यासाठी ‘पीआरटीव्हीटीओसी’ (विभाजन दाखवते), ‘मेटास्टॅट -पी’ (मिररची रचना दाखवते) आणि ‘मेटाडीबी’ या आज्ञांचे आउटपुट दुसऱ्या मशीनवर जपून ठेवावे, शक्य तर छापूनही. वेळ येईल तेव्हा सीडीवरून सिंगल-यूजरमध्ये बूट करून, साध्या स्लाइसवर (डिस्कच्या विभागावर) फाइलसिस्टिम बनवून ‘यूएफएसरिस्टोर’ करावा आणि ‘इन्स्टॉलबूट’ने बूट ब्लॉक लिहावा. पण टेपवरून आलेल्या ‘व्हीएफएसटॅब’ (कोणती फाइलसिस्टिम कुठे माउंट करायची याची यादी) आणि ‘सिस्टिम’ (कर्नलच्या सेटिंग्ज) या फाइली अजूनही डी० कडे बोट दाखवत असतात, आणि तो मिरर या घडीला अस्तित्वातच नसतो. म्हणून पहिल्या फाइलीत साध्या स्लाइसची नावे घालावीत आणि दुसरीतील ‘रूटडेव्ह’ची (रूट कोणत्या डिव्हाइसवर आहे ते सांगणारी) ओळ काढावी, नाहीतर बूट तिथेच अडकेल. मशीन नीट उठल्यावर मेटाडीबी आणि एकतर्फी (एकाच सबमिररचा) मिरर पुन्हा बनवून ‘मेटारूट’ (या दोन फाइली पुन्हा मिररकडे वळवणारी आज्ञा) चालवावे व रीबूट करावे. दुसरा सबमिरर त्या रीबूटनंतरच जोडावा, कारण तोपर्यंत रूटचे लिहिणे डी० मधून न जाता थेट स्लाइसवर होत असते.