जागा नाही की दम नाही? समाजशास्त्राच्या नेट-सेटधारकांचं नेमकं काय चुकतंय

वैशाली (परभणी)
एका निवृत्त प्राध्यापकांची पोस्ट सध्या नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, दिलेल्यांच्या सगळ्या ग्रुपवर फिरतेय. म्हणणं थोडक्यात असं: समाजशास्त्रात एमए, पीएचडी करणारी आजची मुलं वाचत नाहीत म्हणून घरी बसतात; ज्याच्यात दम असतो त्याला जागा मिळतेच. वाचून डोकं फिरलं. सर, कुठली जागा? २०१७ मध्ये सरकारनं भरती बंद केली. पुढे ३,५८० पदांना परवानगी मिळाली, त्यातल्याच उरलेल्या २,०८८ पदांना २०२१ मध्ये पुन्हा, तीही अख्ख्या राज्यात सगळ्या विषयांना मिळून. आमच्याकडच्या कितीतरी कला महाविद्यालयांत समाजशास्त्राला एकच पूर्णवेळ माणूस असतो. तो निवृत्त झाला की पद रिकामं आणि तास दोन तासिकावाल्यांत, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्यांत, वाटून दिले जातात. त्या दोघांतली एक मी. शिकवायचं तेवढंच, पेपर तपासायचे तेवढेच, कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की फायलीही आमच्याच गळ्यात. कायम प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते. आमचं मानधन सहा-सहा महिने अडकतं, आणि उन्हाळ्यात तर काहीच नाही. यात दम कुठे मोजायचा?

श्री. भा. (सातारा)
ती पोस्ट माझी नाही, पण मी तिच्या बाजूचा आहे. विषयतज्ज्ञ म्हणून अनेक निवड समित्यांवर बसलोय. उमेदवार नेट उत्तीर्ण, पीएचडी झालेला. विचारलं, समाजशास्त्रज्ञ घुर्ये आणि बाबासाहेब यांच्या जातिविचारात फरक काय? उत्तर आलं, ‘दोघांनीही जातीवर मोलाचं कार्य केलं.’ प्रबंध कशावर, तर तालुक्यातल्या बचत गटांवर. शे-दोनशे बायकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारीचे तक्ते काढायचे आणि शेवटी ‘महिलांचे सक्षमीकरण झाल्याचे दिसून येते’. असे प्रबंध गठ्ठ्यानं येतात. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा राहिला. इरावतीबाई कर्वे संशोधनासाठी गावोगाव हिंडल्या. त्या विषयाच्या नावावर पगार मागताना थोडी तयारी नको का?

सुनील (धाराशिव)
सर, समितीवर बसलात ना, मग एवढं सांगा, मुलाखत संपल्यावर उमेदवाराला आत कोण बोलावतं? एका संस्थेत माझी मुलाखत चांगली झाली. सिद्धांतात दुर्खीम झाला, मर्टन झाला, तज्ज्ञ मान डोलावत होते. बाहेर आलो तर शिपाई म्हणाला, ‘साहेबांनी बोलावलंय.’ अध्यक्षांच्या केबिनमध्ये चहा आला, खारी आली. पहिला प्रश्न: ‘घरी जमीन किती?’ दुसरा: ‘बागायत का कोरडवाहू?’ कोरडवाहू म्हटल्यावर साहेबांनी कप खाली ठेवला आणि ‘बघू, कळवू’ म्हणाले. अनुदानित पदाचा पगार सरकारच्या तिजोरीतून जाणार आणि पद संस्थाचालक विकणार. या धाग्यात मुद्दा एवढाच आहे. घुर्ये-बिर्ये नंतर बघू.

रोहन (पुणे)
चर्चा भरकटतेय. पैसे घेणारे नसते तरी जागा तेवढ्याच असत्या. पूर्णवेळ पदाला आठवड्याला १६ तास भरावे लागतात. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं, मेजर-मायनर म्हणजे मुख्य-दुय्यम विषयांत विद्यार्थी विभागले गेले, आणि समाजशास्त्रासारख्या विषयाचे तास आणखी घटले. तरी विद्यापीठं एमएला, पीएचडीला प्रवेश देतच आहेत. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे महिन्याला ३७ हजार मिळतात तोवर बरं चालतं, मग तिशी उलटते आणि हातात काहीच नसतं. मी बाहेर पडलो, सर्वेक्षणाच्या क्षेत्रात गेलो. पोरांना हे पहिल्या वर्षीच कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

सुनील (धाराशिव)
रोहनभाऊ, तुमचं भलं झालं, आनंद आहे. पण तुम्ही पुण्यात आहात. आमच्याकडे सर्वेक्षण म्हणजे जनगणना आणि मतदार यादी, तीही झेडपीच्या गुरुजींच्या माथी. सगळ्यांनी गाव सोडावं हा उपाय असेल तर गावातलं कॉलेज कुणासाठी चालवायचं?

श्री. भा. (सातारा)
सरसकट आरोप करू नका. समितीत कुलगुरूंचा प्रतिनिधी असतो, सहसंचालकांचा असतो, तक्त्यावर गुण भरले जातात. माझ्यासमोर कुणी पैशाचं नाव काढलेलं नाही. पुरावा असेल तर द्या.

सुनील (धाराशिव)
रोख घेणारा पावती फाडतो का सर? तुमच्यासमोर कोण बोलेल? तुम्ही जेवून गाडीत बसता, तेव्हा आमची खरी मुलाखत सुरू होते. आमच्या गावात एकाच्या बापानं विहिरीलगतचा तुकडा विकला, पोरगा लागला. दुसऱ्यानंही विकला, पुढे त्या पदाला सरकारची मान्यताच आली नाही, आता तो वसुलीसाठी खेटे घालतोय. कुठल्या पोलिसात जाणार? देणाराही गुन्हेगारच ना!

अर्चना (कोल्हापूर)
सुनीलदादा, तुम्हाला जमीन तरी विचारली. मला विचारलं, ‘मिस्टर कुठे असतात? बदली झाली तर तुम्ही जाल का?’ आणि मग, ‘मूलबाळ?’ सहा माणसं टेबलापलीकडे, एकालाही हे वावगं वाटलं नाही.
आणि श्री. भा. सर, बचत गटांचं म्हणता ते ऐका. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजत होतं. मला त्यावर काम करायचं होतं. गाइड म्हणाले, ‘डॉक्टर, कारखाने, मुकादम, सगळे अंगावर येतील. बचत गट घ्या, तीन वर्षांत मोकळ्या व्हाल.’ प्रश्नावलीही त्यांनीच जुन्या प्रबंधातली दिली. तुम्ही ज्या गठ्ठ्याला नाकं मुरडता तो बांधला कुणी? तुमच्याच पिढीनं.

श्री. भा. (सातारा)
गाइडांबद्दल बोललात ते खोटं नाही. एकेकानं आठ-आठ विद्यार्थी घेतले आणि एकाचाही मसुदा धड वाचला नाही, हे पाहिलंय. पण घुर्ये वाचायला गाइडची परवानगी लागत नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

फारुक (मुंबई)
मोठ्या संस्थांत काय वेगळं आहे? २०२४ च्या जूनमध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं शंभरावर कंत्राटी माणसांना, त्यात निम्म्याच्या आसपास शिक्षक, काम संपल्याची पत्रं दिली. बोंब झाली तेव्हा दोन दिवसांत मागे घेतली. आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या ‘सारथी’ या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा विधान परिषदेत काय विचारलं गेलं, ‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ वर बसलेल्यांचं मत हे. माझं म्हणणं, अनुदानित कॉलेजांची भरती संस्थांच्या हातून काढा आणि आयोगाकडे द्या. बिहारमध्ये विद्यापीठांसाठी आयोग आहे, आपल्याकडेही शासकीय महाविद्यालयांची पदं एमपीएससी भरते.

श्री. भा. (सातारा)
एमपीएससीची एकेक जाहिरात किती काळ चालते ते त्या उमेदवारांना विचारा. निकाल लागेपर्यंत वयाची अट ओलांडाल.

वैशाली (परभणी)
उशीर आम्हाला नवा नाही सर. आयोग होईल तेव्हा होवो. आत्ता एक गोष्ट करता येते. निवड समितीनं दिलेले प्रत्येक उमेदवाराचे गुण त्याच संध्याकाळी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकायचे, तज्ज्ञांच्या सह्यांसकट. मग केबिनमध्ये काहीही ठरलं तरी कागदावरचे गुण बदलता येणार नाहीत. आम्ही कुलगुरूंना निवेदन देतोय. तुमच्यासारख्या जुन्या विषयतज्ज्ञाची सही असली तर ते केराच्या टोपलीत जाणार नाही. करता का?

श्री. भा. (सातारा)
मसुदा पाठवा. ‘पदं विकली जातात’ असं सरसकट लिहिलं असेल तर सही करणार नाही. गुण जाहीर करण्यापुरतं असेल तर करेन.

सुनील (धाराशिव)
वैशालीताई, ते वाक्य काढू नका. सरांची सही नको, वाक्य राहू द्या.

वैशाली (परभणी)
दोन निवेदनं देऊ. सर, तुमचं आज रात्री पाठवते.