गाडीत गाणं नीट वाजावं म्हणून काय काय केलंत?

मंडळी, माझी २०१६ची व्हॅगनआर आहे. इंजिन खणखणीत, एसी गार, पण गाणं लावलं की शेजारच्या वाड्यात रेडिओ लागल्यासारखं वाटतं. गेल्या शनिवारी पुण्यात तपकीर गल्लीत चक्कर मारली. दुकानदाराने फळीवर बसवलेले दहा-बारा जोड बटणं दाबून ऐकवले. तिसऱ्या जोडाला मी "हा!" म्हणालो, आठव्यालाही "हा!" म्हणालो. घरी येताना लक्षात आलं, जो मोठ्याने वाजला तोच मला आवडत होता. शिवाय ते वाजत होते जाड लाकडी फळीवर, आणि माझ्या दाराला आहे पातळ पत्रा.

म्हणून हा धागा. कोएक्शियल घेतले की कंपोनंट, अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारी पेटी) लागला का, सबवूफर (नुसत्या बेसचा मोठा स्पीकर) कुठे कोंबला, पैसे कुठे वाया गेले, सगळं लिहा. (वूफर जाड आवाजाचा, ट्वीटर बारीक आवाजाचा. कोएक्शियल म्हणजे वूफरच्या पोटातच ट्वीटर. कंपोनंट म्हणजे वूफर दारात, ट्वीटर वेगळा आरशाजवळ, आणि दोघांना आवाज वाटून देणारी क्रॉसओव्हरची डबी. एवढं आता मलाही कळलंय.) ब्रँडची भांडणं नकोत. बजेट पंचवीस हजार. घरी सांगितलेला आकडा पंधरा. (उत्तरं खाली, प्रत्येक मथळ्याखाली वेगळा सभासद.)

दारावर टिचकी

स्पीकर घेण्याआधी दारावर बोटाने वाजवून बघा. 'टण्ण' आलं तर कितीही महागाचा स्पीकर लावा, आधी पत्राच वाजणार. मी दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही पुढची दारं घरीच उघडली. हँडलच्या वाटीतले स्क्रू काढले, मग खालून ओढलं की पॅनल कट्-कट् करत सुटतं. त्या कट्-कट्मध्ये तीन क्लिपा गेल्या, त्या आधीच जास्तीच्या आणून ठेवा. आतली प्लॅस्टिकची चादर हळूच सोडवली, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला स्पिरिटने पुसून ब्यूटाइल रबराची चिकट शीट लावली आणि छोट्या रोलरने दाबत बसलो. वरच्या अ‍ॅल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचं असतं. दुसऱ्या दिवशी मनगट दुखलं.

मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद केली. ही पायरी बरेच जण सोडतात. कोनाच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) पाठीमागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढचा बेस खाऊन टाकतो. तेच कंपनीचे कागदी कोनाचे स्पीकर परत लावले तर बायको म्हणाली, "नवीन आणलेस ना? किती पडले?"

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दाराच्या अगदी खालच्या कडेची भोकं बुजवू नका, काचेच्या पट्टीतून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. आणि स्वस्तातली डांबरी शीट घेऊ नका, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती ओघळते आणि वास मारते.

खोक्यावरचे वॅट

भावा, मी पहिल्यांदा फसलो तो आकड्याला. खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात ३०० वॅट. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात आरएमएस (सतत पेलणारी ताकद) ४०. खरा धरायचा तो हा दुसरा आकडा. डेकचंही तसंच, तोंडावर '५० गुणिले ४' छापलेलं असतं. गाडीची बॅटरी बारा ते साडेचौदा व्होल्टची. तेवढ्यात ४ ओहमच्या स्पीकरला साधा डेक स्वच्छ असे पंधरा ते वीस वॅट देतो, बास. त्यापुढे बटण फिरवलं की आवाज वाढत नाही, फाटतो. फाटलेला आवाज सगळ्यात आधी ट्वीटर खातो. माझे दोन गेले.

म्हणून अ‍ॅम्प लावणार नसशील तर वॅट बघूच नको, सेन्सिटिव्हिटी बघ, म्हणजे तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते. एक ८९ डेसिबलचा आणि दुसरा ९२चा असेल तर दुसरा निम्म्या वॅटवर तेवढाच वाजतो. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट ताकद फुकटात.

कानाला बोचतं

मी आणि नवरा दुकानात गेलो तेव्हा गाणी ऐकणारी मी, गाडी माझी, पैसेही माझे. दुकानदार मात्र सगळं ह्यांनाच समजावत होता. ह्यांनी शेवटी हात जोडून सांगितलं, "दादा, मला फक्त बातम्या कळतात."

मी पेन ड्राइव्हमध्ये तबल्याची एक मैफल नेली होती. डग्ग्याचा घुमारा गोल येतो की नुसता धप्प, चाटीवरचा (तबल्याच्या कडेचा) टणत्कार सुटा ऐकू येतो की भांड्यावर चमचा, आणि मागचा तानपुरा टिकतो की हरवतो, एवढंच ऐकायचं. दुकानात 'डेमो'साठी लावलेल्या गाण्यावर कुठलाही स्पीकर भारीच वाटतो.

कंपोनंट घेतले. पहिला आठवडा पस्तावले. ट्वीटर आरशामागच्या तिकोनी प्लॅस्टिकमध्ये बसवलेला, उजवा थेट माझ्या कानावर. स वर संपणारा प्रत्येक शब्द सुईसारखा. परत नेऊन भांडायच्या तयारीत होते, तेवढ्यात माहितीपत्रकात दिसलं की क्रॉसओव्हरच्या डबीत ट्वीटरसाठी एक जंपर (आवाज कमी-जास्त करायची छोटी खुंटी) आहे: ०, उणे ३ डेसिबल. फिटरने तो ० वरच ठेवला होता. दार उघडून बदलला, पाच मिनिटांचं काम, आणि सगळं जागेवर. डबी दाराच्या आत बसवायची असेल तर पाण्यापासून वर, कोरड्या जागी बसवून घ्या. जमलं तर डॅशबोर्डखालीच.

डिकीत सिलेंडर

सीएनजीवाल्यांचं दुःख वेगळं. डिकीत टाकी, सबवूफरचं खोकं ठेवणार कुठे, डोक्यावर? मी सीटखाली बसणारा आठ इंची अ‍ॅक्टिव्ह सब घेतला, अ‍ॅम्प त्यातच असतो. छाती हादरत नाही, पण ढोलकी भरून येते. मला पुरे. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

जळका वास

हा अनुभव सांगताना अजून लाज वाटते. चार चॅनलचा अ‍ॅम्प बसवून घेतला, ओळखीतल्या ओळखीत, स्वस्तात. आठव्या दिवशी खंबाटकी घाट चढताना जळकं रबर हुंगल्यासारखा वास. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा क्लच. मग डॅशबोर्डखालून धुराची बारीक रेघ आली. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली. हात थरथरत होते, दहाचा पाना दोनदा खाली पडला.

झालं होतं असं: बॅटरीकडून आलेली लाल वायर पत्र्याच्या भोकातून नुसतीच आत ओढलेली, रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवरची कडी) नाही. धार घासून घासून आवरण कापलं गेलं. फ्यूज होता, पण सीटखाली, अ‍ॅम्पपाशी. म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतच्या दोन-अडीच मीटर वायरला राखण कुणाचीच नाही. फ्यूज असतो वायरला वाचवायला, तो बॅटरीपासून वीतभर, फार तर ४५ सेंटिमीटरवर हवा.

ती वायर ब्लेडने खरवडली तर आत पांढरी निघाली. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. तशी वायर घ्यायचीच तर जाड घ्यावी लागते, तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा अडथळा दीडपटीहून जास्त. नंतर दुसऱ्याकडून शुद्ध तांब्याची आठ गेज घालून घेतली आणि तो काम करत असताना स्टूल टाकून शेजारी बसलो. त्याला आवडलं नाही.

बेस कुठे गेला

छोटासा किस्सा. नवीन स्पीकर, नवीन अ‍ॅम्प, एकूण एकोणीस हजार, आणि बेस जुन्यापेक्षा कमी! महिनाभर गेन वाढवत बसलो. (गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हेही तेव्हाच कळलं. डेकच्या आवाजाशी अ‍ॅम्प जुळवायचा स्क्रू आहे तो.) एकदा चुकून बॅलन्स पूर्ण डावीकडे गेला आणि ढम्म करून बेस आला. उजवीकडे नेला, तरी आला. मध्ये आणला की गायब. एका दाराच्या वायरी उलट्या जोडलेल्या होत्या: एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, एकमेकांचं खातात. पेन्सिल सेल स्पीकरच्या वायरीला क्षणभर टेकवून बघा. अधिक-उणे बरोबर असेल तर कोन बाहेर येतो.

पार्सल ट्रे

आमच्या मारुती ८००च्या मागच्या ट्रेवर सहा बाय नऊचे अंडाकृती होते आणि त्यांचा आम्हाला कोण अभिमान! कॅसेट अडकली की पेन्सिलने गुंडाळायची. आज विचाराल तर मागच्या स्पीकरवर पैसे घालू नका. गायक समोर बसलेला असावा, मानगुटीवर नको.

पणजीहून

पार्सल ट्रेवाल्या काकांशी असहमत, आमची पोरं मागे बसतात आणि त्यांना त्यांचं वेगळं हवं असतं. माझी सूचना एवढीच: स्पीकरखाली एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) रिंगा देऊ नका. आमच्याकडच्या पावसात दोन सीझनमध्ये फुगून बिस्किटासारख्या झाल्या, स्क्रू हातात आले. आता प्लॅस्टिकच्या आहेत. टर्मिनलही हिरवी पडतात, सोल्डर करून वर ट्यूब चढवून घ्या. आणि गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू देऊ नका, मॉडेलप्रमाणे कपलर (न कापता जोडायचे तयार प्लग) मिळतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. हिशेब बदललाय. अ‍ॅम्प तूर्त रद्द. पुढच्या दारांना ब्यूटाइल, ९२ डेसिबलचे साडेसहा इंची कोएक्शियल, प्लॅस्टिकच्या रिंगा. आज दारावर टिचकी मारली, 'टण्ण'च आलं. पेन ड्राइव्हमध्ये तबला भरून परत त्याच दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "हे काय आणलंत साहेब, ह्यात बेस कुठंय?" पण दहा मिनिटं ऐकू दिलं. तिसरा जोड बाद झाला, आठवा राहिला.

रविवारी दार उघडतोय. क्लिपा डझनभर आणल्यात. ताई, जंपरवाल्या प्रश्नासाठी तुम्हाला कदाचित पुन्हा हाक मारेन.