जुन्या तुळयांतले खिळे आणि हातातला मेटल डिटेक्टर: ट्यूनिंग कुणी नीट सांगेल का?

रंधा_आणि_मी (वाई)

नमस्कार मंडळी. गेल्या उन्हाळ्यात आमचं वाईचं जुनं घर उतरवलं. चुलत भावांत वाटण्या झाल्या. कुणी जागा घेतली, कुणी तांब्यापितळेची भांडी. माझ्या वाट्याला नऊ सागवानी तुळया आणि कडीपाटाच्या फळ्यांचा ढीग आला, कारण तो ठेवायला दुसऱ्या कुणाकडे जागा नव्हती. मला तर लॉटरीच. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं हाच नाद आहे.

खिळे असणार हे माहीत होतं. म्हणून सिक्युरिटीचं सामान विकणाऱ्या दुकानातून मॉलच्या दारावर फिरवतात तसली दांडी आणली. चपटी, काळी, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. पहिल्या तुळईवरून फिरवली, चार ठिकाणी ओरडली. चारही खिळे जंबुराने उपटले. लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे, बोटभर लांब, अजून सरळ. पुन्हा फिरवली, गप्प. म्हटलं झालं, आणि तुळईतून चिरून काढलेली फळी प्लेनरला (रंध्याच्या यंत्राला) लावली.

तिसऱ्या पासला 'टक्'. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. तिन्ही पात्यांना एकाच रेषेत खाच. आता निघणाऱ्या प्रत्येक फळीवर मांजराच्या शेपटीसारखी एक उभी रेघ.

दुसऱ्या दिवशी चिडून दांडीच्या खालच्या टोकाचा बारीक स्क्रू फिरवला, तर उरलेल्या तुळयांवर ही बया या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडतेय. अख्खी तुळई लोखंडाची असल्यासारखी! स्क्रू कुठे ठेवायचा? आणि मुळात या दांडीवर किती खोलीपर्यंत भरवसा ठेवायचा? इंजिन खोलून देईन, पण हे इलेक्ट्रॉनिक प्रकरण आपल्या हातचं नाही.

डायलटोन (कोल्हापूर)

दादा, मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं तारा जोडल्या, तेव्हा हे माझ्या हातचं आहे. आधी एक विचारतो. तुळया कशावर ठेवून तपासल्या? आणि हातात कडं, घड्याळ?

रंधा_आणि_मी

लोखंडी घोड्यांवर. कडं आहे, पंढरीचं, काढत नाही.

डायलटोन

मग अर्धं दुखणं तिथंच. पहिल्या दिवशी स्क्रू मंद होता म्हणून घोड्या दिसल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी तुम्ही दांडीचे कान टवकारले आणि तिला घोड्या, कडं, जमिनीच्या स्लॅबमधल्या सळया, सगळंच ऐकू यायला लागलं.

दांडीच्या चपट्या भागात तारेचं वेटोळं असतं. त्यात उलटसुलट वाहणारा प्रवाह भोवती चुंबकीय क्षेत्र तयार करतो. जवळ धातू आला की त्या धातूत भोवरे फिरावेत तसे छोटे प्रवाह उठतात आणि वेटोळ्याचा तोल ढळतो. दांडीला फक्त हा ढळलेला तोल कळतो. खिळा, घोडी, कडं असला भेद तिला नाही. आणि तोल म्हणजे काय, हे ती ठरवते बटण दाबता त्या क्षणाला. अशा बऱ्याच दांड्या चालू होताना आजूबाजूला जे असेल तेच 'शांत' धरतात. लोखंडाशेजारी चालू केलीत तर ते लोखंड तिच्या हिशेबी शांततेचाच भाग झालं, मग बारीक खिळ्याला ती कशाला दाद देते! म्हणून बटण नेहमी हवेत, हात लांब करून, कशाच्याही जवळ नसताना दाबायचं. मोठ्या लोखंडावरून गेलात आणि शंका आली की बंद करून पुन्हा हवेत चालू.

स्क्रूचं असं. हवेत धरून हळूहळू वाढवत न्या, आपोआप कुरकुर सुरू होईल. तिथून मागे या, गप्प झाली की आणखी केसभर मागे. बस. पण स्क्रूड्रायव्हर लांब नेऊन मग ऐका, नाहीतर त्याच्याच लोखंडाला ओरडते आणि माणूस तासभर वेडा होतो (मी झालोय). टोकाच्या प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने काम सोपं. आणि बॅटरी नवी घाला. उतरलेल्या बॅटरीवर लावलेलं ट्यूनिंग दुपारपर्यंत टिकत नाही.

आता खोली. कुणी छातीठोक इंच सांगितले तर ऐकू नका, कारण ते खिळ्याच्या आकारावर आहे. लहान वस्तू वेटोळ्यापासून लांब असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर तिचा सिग्नल चौसष्टावा हिस्सा उरतो. जाताना क्षेत्र अंतराच्या घनाने विरळ होतं, परत येताना पुन्हा तसंच. म्हणून पिस्तूल वीतभर अंतरावरून सापडतं आणि बारीक चुकेचं, म्हणजे छोट्या खिळ्याचं, मोडकं टोक दोन बोटांवरून सापडत नाही. स्वतःच्या दांडीची खोली स्वतः मोजा. बिनखिळ्याचा सागाचा तुकडा घ्या, कडेला वेगवेगळ्या खोलीवर भोकं पाडा, वरून तीन सूत (आठ सूत म्हणजे एक इंच), सहा सूत, एक इंच, दीड इंच. त्यांत एकच तुटका खिळा सरकवत जा आणि वरून दांडी फिरवा. जिथं गप्प झाली तिथं तुमची हद्द. हा तुकडा फेकू नका. रोज काम सुरू करण्याआधी याच्यावरून एक फेरी. मी त्याला तंबोरा म्हणतो, तो लागल्याशिवाय गाणं सुरू करायचं नाही.

वखारवाली (सांगली)

काका, डायलटोनकाकांचं शास्त्र बरोबर आहे, पण मी रोज हेच लाकूड विकते म्हणून चार गोष्टी घालते.

दांडी हातात घेण्याआधी तारेचा ब्रश मारा. जुन्या तुळईवर चुना, माती, धुरकट काजळी असते आणि त्यात वाळूचे खडे रुतलेले असतात. वाळूला कुठलाच डिटेक्टर ओरडत नाही आणि पात्याची धार मात्र खिळ्याइतकीच खाते. सागात मुळातच सिलिका असते, त्यात आणखी भर कशाला.

मग डोळ्यांनी बघा. सागात टॅनिन असतं, लोखंडाशी ओल लागली की काळा-निळा डाग धरतो. हा डाग रेषेरेषेने, म्हणजे लाकडाच्या उभ्या धाग्यातून पसरतो, आडवा फारसा नाही. फळीवर काळी जीभ दिसली की तिच्या मधे कुठेतरी खिळा आहे किंवा होता. आमच्याकडचा म्हातारा मिस्त्री दांडी घेतच नाही, ओलं फडकं फिरवतो आणि डाग वाचतो. मात्र पितळ असा डाग देत नाही आणि चुंबकालाही लागत नाही. जुन्या दारांत पितळी फुल्या असायच्या, त्यांची मोडलेली बुडं आत राहतात. तिथं दांडीच हवी.

तुमचा तो 'टक्'वाला खिळा बहुतेक जवळजवळ पूर्ण गंजलेला असणार. गंज म्हणजे धातू उरलाच नाही, प्रवाह त्यातून नीट वाहत नाही, दांडीला तो जेमतेम ऐकू येतो. आत मात्र सुईएवढा पोलादी गाभा टिकून असतो. म्हणून एकदा तपासलं, झालं, असं नसतं. दर दीड-दोन सूत लाकूड निघालं की पुन्हा फिरवायचं. फळी चारही बाजूंनी.

रस्त्याकडेचं झाड कधी घेतलंत तर आणखी सावध. जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे झाड गिळतं. खोड बाहेरून जाड होतं, खिळा होता तिथंच राहतो, त्याच उंचीवर, फक्त दरवर्षी आणखी आत. पुण्यात खिळेमुक्त झाडांची मोहीम झाली तेव्हा पिशव्या भरून खिळे निघाले होते, आणि ते फक्त दिसणारे. असल्या ओंडक्याचा खालचा पुरुषभर भाग मी करवतीला लावत नाही.

ओहायोतला_सुतार

इकडून नुसती टीप. इथे शेताच्या कडेचे ओक चिरतो, त्यात कुंपणाची तार आणि शिशाच्या गोळ्या. ओकमध्येही डाग पडतो, वखारवालीताई म्हणतात तसाच. दांडीने 'इथं कुठेतरी' कळतं, पण नेमकी जागा काढायला मी खजिना शोधणाऱ्यांचा पिनपॉइंटर वापरतो, गाजराएवढा असतो, टोकाने शोधतो. तो नसेल तर दांडीखाली इंचभर जाड स्वच्छ फळी घालून पुन्हा फिरवा. अंतर वाढलं की आवाजाचा पट्टा आकसतो, स्क्रूला हात लावावा लागत नाही. डावीकडून येताना जिथं सुरू होतो तिथं खडूची रेघ, उजवीकडून येताना जिथं सुरू होतो तिथं दुसरी. मग दांडी काटकोनात वळवून तेच. चौकटीच्या मधे खिळा.

आणि त्या खाचेसाठी लगेच नवी पाती घेऊ नका. तीनपैकी एक पातं मिलिमीटरभर बाजूला सरकवा, खाचा एका रेषेत राहत नाहीत, रेघ जाते.

रंधा_आणि_मी

मंडळी, आठ दिवसांनी येतोय.

पात्याची युक्ती चालली. एक पातं सरकवलं, रेघ गायब. ओहायोतल्या दादा, तुम्हाला वाईला आल्यावर जेवण लागू.

लोखंडी घोड्या बाजूला केल्या, पिंपळाच्या फळ्या एकावर एक रचून दोन ओटे केले, कमरेएवढे. कडं काढलं. बायको म्हणाली, चाळीस वर्षांत मी सांगून काढलं नाहीस आणि इंटरनेटवरच्या माणसाने सांगितल्यावर काढलंस. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तंबोरा केला. माझ्या दांडीची हद्द: अर्धा इंच लांबीच्या तुटक्या टोकाला सहा सूत, साबूत घडीव खिळ्याला अडीच इंच. हे कळल्यावर पोटात गोळाच आला, कारण तुळई सहा इंच जाडीची. म्हणजे वरून-खालून फिरवली तरी मधला पट्टा बारीक टोकांसाठी आंधळाच. म्हणून आता तुळई आधी आरागिरणीत दीड-दीड इंचाला चिरून घ्यायचं ठरवलं. गिरणीवाला खिळ्यांच्या नावाने कुरकुरला, तर त्याला सांगितलं की पातं गेलं तर पैसे माझे. चिरलेली फळी दीड इंच, दोन्ही बाजूंनी सहा-सहा सूत, हिशेब बरोबर जुळतो. गिरणीत एक पातं गेलंच. भरले.

दुसरी गंमत. दांडीच्या कुठल्या भागाला जास्त ऐकू येतं तेही खिळा धरून पाहिलं. माझी मधे कमी आणि चपट्या कडेला जास्त तिखट आहे. मी दोन महिने मधल्या भागाने झाडल्यासारखी फिरवत होतो! आता कडेने, पट्ट्यावर पट्टा चढवत, पेंटर ब्रश मारतो तशी सावकाश. आणि एका जागी थांबलो की माझी दांडी हळूहळू गप्प होते, सवय लागल्यासारखी, म्हणून थांबायचं नाही.

आतापर्यंत तीन तुळयांतून एकेचाळीस खिळे. बरेचसे मागून ठोकून डोकं वर काढून जंबुराने. डोकं मोडलेल्यांसाठी पोलादी नळीच्या तोंडाला कानशीने दात कापले, ड्रिलला लावली, खिळ्याभोवती गोल कापत गेलो आणि खिळ्यासकट डाट बाहेर. भोकात त्याच तुळईच्या कापाचा डाट, रेषा जुळवून, सरस लावून.

एक प्रश्न राहिलाय. चौथ्या तुळईच्या टोकाला, भिंतीत रुतलेल्या भागात, वीतभर जागेत एकसारखा मऊ आवाज येतो. खिळ्यासारखा टोकदार नाही. चुंबक चिकटत नाही, डाग नाही. फडकं फिरवलं, काही नाही. दोन्ही बाजूंनी तोच आवाज.

डायलटोन

चुंबक नाही, डाग नाही, पसरट आवाज, म्हणजे पातळ पत्रा. शिसं किंवा तांबं. तुळईच्या टोकाला ओलीपासून जपायला कुणी काही गुंडाळलं असेल, वरून लाकडाची पट्टी ठोकून झाकलं असेल. टोकाचा सांधा पाहा.

वखारवाली

काका, शिशाचं असेल तर त्या जागी रंधा मारू नका, धूळ नाकात जायला नको. वीतभर कापून टाका.

रंधा_आणि_मी

कापला. खरंच वर एक पट्टी होती, रंगाने लाकडात विरघळून गेलेली, कुणाला सांगूनही पटलं नसतं. पट्टी उचकटल्यावर करड्या रंगाचा मऊ पत्रा, नखाने ओरखडा उठतो. शिसंच असावं. बाहेर ठेवलाय, पोरांच्या हाताला लागणार नाही असा.

हे कुणी केलं असेल ते मोठ्या काकांना विचारलं, त्यांचं वय ब्याण्णव. म्हणाले, त्या भिंतीला पन्हाळ गळायची. तुझ्या आज्याने दरवर्षी ती दुरुस्त करायची ठरवली होती.

उरलेल्या पाच तुळया पुढच्या आठवड्यात गिरणीत. बॅटरीची नवी जोडी आणून ठेवलीय.