अभ्यासासाठी मोडाफिनिल घेणारा भाऊ: बुद्धी वाढते की दुसरेच काही घडते?

गोदाकाठ

नमस्कार. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपासून पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतो आहे. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हापासून रोज चौदा तासांची बैठक जमली नाही तर आपला निभाव लागणार नाही, असे त्याने मनाशी घट्ट धरले आहे. दिवाळीत तो घरी आला असताना त्याचे कपडे धुवायला काढताना बॅगेत मोडाफिनिल या झोप घालवणाऱ्या गोळ्यांच्या तीन स्ट्रिप्स सापडल्या. विचारल्यावर त्याने काहीच लपवले नाही. अभ्यासिकेतल्या एका मुलाकडून त्या मिळतात, डॉक्टरांची चिठ्ठी नाही, आणि गेले पाच महिने तो रोज सकाळी सहाला एक गोळी घेतो आहे. "ताई, ही नशा नाही. चष्मा लावून नजर सुधारता येते, तर गोळी घेऊन डोके का सुधारू नये?" असे तो म्हणाला, आणि खरे सांगते, मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही.

मला जे दिसले ते असे. हा मुलगा पूर्वी फराळाच्या ताटापाशी बसला की दोन तास उठत नसे आणि गावातल्या प्रत्येकाची नक्कल करून सगळ्यांना हसवत असे. या वेळी आईने केलेल्या चकल्या तशाच राहिल्या, कारण त्याला भूकच नव्हती. आई त्याला मावशीच्या आजारपणाचे सांगत होती, तर तो मध्येच म्हणाला, "यातला मुद्दा काय आहे?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तो शांतपणे, खरोखरच मुद्दा शोधत होता. आई गप्प झाली आणि आत निघून गेली.

शरीरावरचे दुष्परिणाम मी वाचले आहेत. मला विचारायचे आहे ते हे, की अशा गोळीने बुद्धी खरोखर वाढते का, आणि वाढत असेल तर त्या बदल्यात माणसातले काय जाते?

निद्राविकार

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि असे रुग्ण मला दर परीक्षेच्या हंगामात भेटतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मोडाफिनिलचा जन्म फ्रान्समधला. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसा बोलता-बोलता अनावर झोप येणाऱ्या आजारासाठी. त्या रुग्णांना या औषधाने आयुष्य परत दिले आहे, त्यामुळे औषधालाच वाईट ठरवू नये. मात्र ते जागे ठेवण्याचे औषध आहे. निरोगी माणसाला त्याने काय मिळते याविषयी झालेल्या चोवीस अभ्यासांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नियोजन आणि निर्णय लागणाऱ्या गुंतागुंतीच्या कामांत काही फायदा दिसला, पण सर्जनशीलतेबाबत तसे म्हणता आले नाही, उलट काही चाचण्यांत ती किंचित घटलेली आढळली.

त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२३ मधला प्रयोग. त्यांनी चाळीस निरोगी तरुणांना पिशवी भरण्याचे कोडे घातले: वेगवेगळ्या वजनाच्या आणि किमतीच्या वस्तू समोर आहेत, पिशवीला ठरावीक वजनच पेलते, तर आतल्या ऐवजाची किंमत जास्तीत जास्त व्हावी म्हणून कोणत्या वस्तू निवडाल? प्रत्येकाने हे कोडे वेगवेगळ्या दिवशी मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि डेक्सअँफेटामिन (ही दोन्ही उत्तेजक औषधे) घेऊन सोडवले आणि एकदा औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीवर सोडवले. औषधाच्या अमलाखाली मुलांनी जास्त वेळ दिला आणि जास्त उलाढाल केली, पण प्रत्येक चालीचा दर्जा घसरला. खोट्या गोळीवर जे सरासरीपेक्षा सरस ठरले होते, तेच औषध घेतल्यावर बहुधा सरासरीखाली आले. तुमच्या भावाचे प्रयत्न वाढले आहेत, ही गोष्ट खरी आहे, आणि वाढलेले प्रयत्न आतून वाढलेल्या बुद्धीसारखेच भासतात. पाच महिने गोळी घेणाऱ्याला हा फरक स्वतःला ओळखता येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हे औषध शरीरातून निम्मे कमी व्हायला साधारण बारा ते पंधरा तास लागतात. सकाळी सहाची गोळी रात्री नऊलाही अंगात असते. दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत चालते, आणि तो नेमकी तीच तोडतो आहे. अंगावर पुरळ उठले तर मात्र एक तासही वाट न पाहता गोळी थांबवून रुग्णालयात जावे, कारण क्वचित ती प्रतिक्रिया जिवावर बेतणारी असते.

पूर्वी_पेठेत

ताई, मी याच गोळ्या दीड वर्ष घेतल्या, म्हणून लिहितो आहे. आमच्या अभ्यासिकेत पॉल एर्डश या हंगेरियन गणितज्ञाचे उदाहरण सांगत, की तो अँफेटामिन हे उत्तेजक औषध घेऊन दिवसाचे एकोणीस-वीस तास गणित करायचा. त्या गोष्टीचा पुढचा भाग मला फार उशिरा कळला. १९७९ मध्ये त्याच्या एका मित्राने महिनाभर गोळी सोडून दाखव म्हणून पाचशे डॉलरची पैज लावली. एर्डशने ती जिंकली, पण त्याचे म्हणणे असे होते की त्या महिन्यात कोरा कागद समोर घेतला तर त्याला कोरा कागदच दिसत असे. नंतर त्याने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आम्हाला त्याचे वीस तास ठाऊक होते, तो कोरा कागद ठाऊक नव्हता.

माझ्या बाबतीत सांगायचे तर चाचणी मालिकेतला दहा गुणांच्या प्रश्नाचा एक पेपर मी अजून जपून ठेवला आहे. दुष्काळ निवारणातल्या जलसंधारणाच्या मर्यादा विचारल्या होत्या. मी सहा पाने लिहिली, त्यांत शिरपूरपासून हिवरे बाजारपर्यंत सगळे होते. तपासणाऱ्या सरांनी खाली लाल शाईने एवढेच लिहिले होते: "मर्यादा कुठे आहेत?" लिहिताना मात्र मला वाटत होते की इतके स्वच्छ मी आयुष्यात कधी लिहिले नव्हते.

तुमचा खरा प्रश्न माणसातले काय जाते हा आहे. माझ्या रूम पार्टनरचे वडील वारले, तो फोन त्याला खोलीतच आला. तो भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्याकडे पाहिले, काय झाले ते मला पूर्ण समजले, आणि मी हातातली परिच्छेदाखालची रेघ पुरी केली. मग दुसरी ओढली. त्याला गाडीत बसवून द्यायला शेजारच्या खोलीतली मुले आली. मला त्या वेळी वाईट वाटले नाही, आणि पुढे गोळ्या सुटल्यावर ते सगळे एकदम अंगावर आले. मी त्याची माफी मागितली आहे. तो "असू दे" म्हणाला, पण आमचे पूर्वीसारखे बोलणे राहिले नाही.

जीवशास्त्र_शिक्षिका

एका प्रयोगाची भर घालते. १९९९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात एक जनुक वाढवून उंदरांची स्मरणशक्ती सुधारण्यात आली, आणि हुशार उंदीर म्हणून त्यांचा जगभर गाजावाजा झाला. दोनच वर्षांनी दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याच उंदरांच्या पंजाला सूज आणून पाहिली, तेव्हा त्यांना इतर उंदरांपेक्षा वेदना अधिक आणि दीर्घकाळ होताना दिसल्या. मेंदूतली जी जोडणी शिकणे पक्के करते, तीच दुखणेही पक्के करते. हे मी दहावीच्या मुलांना सांगते, तेव्हा वर्ग नेहमी शांत होतो.

सातारकर_आई

माझ्या मुलीला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार आहे आणि ती नवव्या वर्षापासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिथाइलफेनिडेट घेते. ती पहिल्यांदा आजीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकत बसली, तेव्हा आजींच्या डोळ्यांत पाणी आले होते. आमच्याकडे गोळीमुळे माणसे जवळ आली. म्हणून विनंती करते, की ही चर्चा वाचून कोणा आईबापांनी मुलांचे चालू औषध परस्पर बंद करू नये. ताई, भावाला मुळातच लक्ष लागत नसण्याचा त्रास असेल, तर तेही तपासून घ्या. लहानपणी शाळेत कसा होता?

गोदाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. शाळेत तो उत्तम होता, तासन्‌तास वाचत बसायचा, त्यामुळे तो त्रास नसावा. काल रात्री रेघेचा तो प्रसंग मी त्याला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई त्या दिवशी आत जाऊन रडली का?" मी हो म्हटले. तो डॉक्टरांकडे यायला तयार आहे, पण गोळी सुटल्यावर आपण मठ्ठ झालो तर काय करायचे, ही भीती त्याला वाटते. शनिवारची वेळ मिळाली आहे, तोवर गोळी चालू ठेवावी का?

निद्राविकार

तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, म्हणून जिथे वेळ घेतली आहे त्या डॉक्टरांना आजच फोन करून हे विचारा. गोळी सोडल्यावर काही दिवस सुस्ती आणि उदासी येऊ शकते, तेव्हा त्या आठवड्यात त्याने पेठेतल्या खोलीवर एकटे राहू नये. शनिवारी जाताना स्ट्रिप्स बरोबर घ्या, आणि गेल्या महिन्यात तो किती वाजता झोपला, किती वाजता उठला, ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.